दाबला, धरला, सोडला

धसईहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावरून आमच्या वाडीत शिरलं की पहिलं घर पांडूचं. पहिलं म्हणजे मानानं नव्हे, अंतरानं. त्याची फियाट वाडीतल्या दुसऱ्या घरापर्यंत पोचणार नाही म्हणून त्याने पहिलंच धरलं, असं लोक म्हणायचे. हे खोटं आहे. घर बापाच्या वेळचं, गाडी नंतरची. पण पांडूबद्दलची खरी गोष्ट सांगितली तर ती कमी रंगते, म्हणून आम्ही खोटीच सांगायचो, आणि पांडू स्वतः ती सगळ्यात जास्त रंगवून सांगायचा.

कारण पांडूला बोलायला लागे. वीतभर छातीचा, काटकुळा माणूस, पण आवाज असा की अंगणात खोकला तर शाळेतली पोरं उभी राहायची. शहापूरजवळच्या एका कारखान्यात तो सतरा वर्षं फिटर होता. तिथल्या खडखडाटात बोलायची सवय लागली आणि कारखान्याला शहाण्णव साली कुलूप लागलं तरी ती गेली नाही. सुटलेल्यांपैकी कुणी म्हशी घेतल्या, कुणी पिठाची गिरणी टाकली. पांडूने कल्याणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची फियाट घेतली. रंग पांढरा, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात तिचा रंग आणि गोजाबाईच्या चहाचा रंग यांत फरक करायला उजेड चांगला लागायचा.

त्या फियाटने काय नाही वाहिलं? नवऱ्या नेल्या, बाळंतिणी आणल्या, भाताची पोती नेली, आणि एकदा एक आजारी बोकड पुढच्या सीटवर बसवून मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यात नेला. पांडू म्हणे, सबंध वाटेत तोंड न उघडता ऐकून घेणारा हा त्याच्या आयुष्यातला एकमेव पाव्हणा.

अठ्ठ्याण्णव साली माळशेजच्या उतारावर त्या गाडीचा ब्रेक गेला. पांडूने पाय दाबला आणि पाय थेट जमिनीला टेकला. शेजारी गोजाबाई बसली होती. पांडूने गाडी रस्त्याकडेच्या पेंढ्याच्या गंजीत घातली. दोघं बाहेर आली तेव्हा डोक्यावर, कानांत, पदरात पेंढा. गोजाबाई म्हणाली, "आता दूध पन द्यायचा का?" एवढं बोलून ती पायी निघाली. चार दिवसांपूर्वी एका गॅरेजात ब्रेकचं काम झालं होतं. त्या दिवशी पांडूने शपथ घेतली की या गाडीच्या ब्रेकला आता परक्याचा हात नाही. इंजिन कुणी उघडा, दार कुणी मोडा. ब्रेक मी.

पण ब्रेकचं काम एकट्याने होत नाही, ही त्यातली गोम. ब्रेकचं तेल पायाखालून निघून बारीक नळीने चारी चाकांपर्यंत जातं. तानसा धरणाचं पाणी कसं, पाइपात शिरलं की थेट मुंबई, वाटेतल्या गावाला थेंब नाही? तसंच हे. मध्ये हवा शिरली की सगळं फुकट, कारण तेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते. मग ती हवा काढायची. एकाने गाडीत बसून पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी निजून मागचा छोटा निपल पान्याने सैल करायचा. नळीतून बुडबुडे बाटलीतल्या तेलात येतात. मग निपल आवळायचा आणि तो आवळल्यावरच वरच्याने पाय सोडायचा. आवळण्याआधी सोडला, तर बाहेरची हवा सुळ्ळकन आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. हे मला पांडूने इतक्या वेळा समजावलं आहे की माझ्याकडे सायकलही नसताना मी फियाटचे ब्रेक करू शकेन.

तर तो दुसरा माणूस म्हणजे गोजाबाई. अंगाने भरलेली, बोलण्याने बेताची. नवरा दिवसभर बोलतो, घरात दोघांनी बोलून कसं चालेल, असा तिचा हिशेब. ती सीटवर बसायची, उजवा पाय पेडलवर, मांडीवर वालाच्या शेंगांचं सूप. पांडू चाकाआड निजायचा आणि वाडीभर ऐकू येई:

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरला."

मग पान्याची खुडबुड, एवढ्या वेळात दोन शेंगा सोलून व्हायच्या. मग:

"सोड."

"सोडला."

आधी मागचं डावं चाक, कारण ते पायापासून सगळ्यात लांब. मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, आणि शेवटी पुढचं उजवं, गोजाबाईच्या दाराला लागून. वर्षातून दोनतीनदा हा पाठ चाले. शेजारची ठमी म्हणायची, आमच्या घरात नवराबायकोचं एवढं एकमत कधी झालं नाय.

पांडूची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला आज जीभ जड होते, पण तेव्हा आम्ही ती मागून मागून ऐकायचो. त्याची आत्या होती, सकुबाई, ठार बहिरी. ती गेल्यावर पांडूने तिची नक्कल बसवली. हळद असो, बारसं असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, पांड्या, सकुआत्या होऊ दे. पांडू डोक्यावर टॉवेल घ्यायचा, कानामागे हात धरायचा आणि दोन्ही आवाज स्वतःच काढायचा. आत्या, जेवलीस का? नाय रे, रेडा कालच इकला. आत्या, पाव्हनं आलं. मंग मीठ टाक. आत्या, घराला आग लागली. हां, हां, जावयाला पन बोलव. लोक पोट धरून लोळायचे. मीही लोळलो आहे. गोजाबाई बायकांत बसून तोंडाला पदर लावायची आणि तिचे खांदे हलायचे. हसतेय असं आम्ही समजायचो, आणि बहुतेक वर्षं ती हसतच असेल.

दोन हजार एक साली तिला मोठा ताप आला. थंडी वाजून यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. महिनाभर गोळ्या चालल्या. ताप गेला. गोजाबाई आणखी बेताची बोलू लागली. अशक्तपणा असेल, म्हणाले सगळे.

आता दोन हजार तीन साल. गणपती होऊन गेले होते, शेतात भात पोटरीला आला होता, आणि उंबरमाळीला दिलेल्या पौर्णिमेला, पांडूच्या एकुलत्या एका लेकीला, सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिचा सासरा, रेल्वेतला गँगमन, शब्दाचा कडक माणूस. त्याने दुकानातल्या फोनवर निरोप दिला: पोटुशी पोर कोंबलेल्या जीपमध्ये पाठवणार नाय. तुमची गाडी आली तर पाठवतो. आणि रविवारच्या आत. त्याच्यापुढं प्रवास नको म्हनते डॉक्टरीणबाई. नाय आलात तर बाळंतपण हितंच.

पांडू म्हणाला, रविवारी सकाळी दारात हजर. फोन ठेवला, घरी आला, आणि गाडीच्या मागच्या डाव्या चाकाखाली त्याला तेलाचा ओघळ दिसला. हा मंगळवार.

बुधवारी तो मुरबाडला जाऊन सामान घेऊन आला. त्या चाकाचा ब्रेकचा सिलेंडर नवा, निपल नवा, आणि हात लावलाच आहे तर चारी चाकांतले घासून झिजणारे लायनर नवे. उंबरमाळीचा उतार, आणि गाडीत दोन जीव. यात काटकसर नको. लायनर बसवताना एक स्प्रिंग सुटून ठमीच्या कोंबड्यांत गेली आणि वाडीतल्या अकरा माणसांनी ती शोधली. दुपारी हवा काढायला बसले. दाब, दाबला. धर, धरला. सोड, सोडला. चारी चाकं झाली. पांडू हात पुसत गाडीत बसला आणि पेडल दाबून पाहिला.

पाय असा आत गेला, जसा शिळ्या खिचडीत.

पुन्हा केलं. पुन्हा खिचडी. गुरुवारी पुन्हा. पुढची दोन्ही चाकं आणि मागचं उजवं चोख. तिथून बुडबुडा येत नव्हता. मागचं डावं मात्र हवा टाकायचं थांबेना. जितकी काढावी तितकी येई, जणू त्या चाकाचं नाशिककडच्या वाऱ्याशी आतून बोलणं झालं होतं. पांडूने सिलेंडर खोलला, रबरं बदलली. शुक्रवारी तेलावर संशय घेतला. दुकानदाराशी जाऊन भांडला, आणि भांडण चालू असतानाच त्याच्याकडून दुसरा डबा घेऊन आला. नळी तपासली, जोड तपासले, पाऱ्याचं मोजमाप असल्यासारखा एकेक थेंब तपासला. तपासलं नाही ते एकच.

राघो रोज येऊन बसत होता. कारखान्यात पांडूच्या शेजारच्या मशीनवर असलेला, आता भातशेती करणारा. तो म्हणाला, मी बसतो पेडलवर, वहिनींना जरा मोकळं कर. पांडूने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने वहिनींना वेगळंच काही म्हटलं होतं. गाडीला गोजीच्या पायाची सवय आहे, म्हणाला. परका पाय नको.

पण शुक्रवारी संध्याकाळी, पेडल सतराव्यांदा खाली गेल्यावर, त्याच पायावर तो घसरला. पाय हाय का मुसळ, असं वाडीच्या कानांवर जाईल इतक्या आवाजात बोलला, आणखीही बरंच बोलला. गोजाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरा." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. आम्हाला वाटलं, काय सोशिक बाई आहे.

शनिवारी दुपारी तेल अर्धी बाटली उरलं होतं. उन्हाने गाडीचा पत्रा तापला होता. मी आणि राघो ओट्यावर बसलो होतो. गोजाबाई सीटवर, पांडू मागच्या डाव्या चाकाआड, फक्त त्याचे पाय दिसत होते. पांडूचं डोकं चाकाआड गेलं की ती सुरुवात करायची, हे मी तोवर शंभरदा पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरला."

आणि पान्याची खुडबुड. नवा निपल, आटे कोरे, उघडताना जड आणि आवळताना आणखी जड. जुना निपल दोन शेंगांत मिटायचा. याला चार शेंगा लागत. पांडूचा पाना घसरला, त्याने पुन्हा लावला, अजून घसरला. निपल उघडाच होता. त्याने अजून काहीच म्हटलं नव्हतं.

वरून आवाज आला, "सोडला."

पांडूचे पाय हलायचे थांबले.

नळीतलं तेल सुळ्ळकन मागे गेल्याचं त्याने नंतर मला सांगितलं. बुडबुडा बाटलीतून उलटा चढत चाकात शिरताना त्याने पाहिला. पण तेव्हा तो नुसता पडून राहिला, आणि बाहेर काहीच झालं नसल्यासारखी गोजाबाईने पुढची शेंग घेतली. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दाबला." खालून कुणी काही बोललं नव्हतं.

"गोजे," पांडू म्हणाला. हळू नाही, त्याच्या नेहमीच्या आवाजात. "गोजे, घराला आग लागली."

"धरला," गोजाबाई म्हणाली.

राघोच्या घशातून हसण्याचा एक आवाज निघाला. चूक त्याची नाही, त्या वाक्यावर हसायची आम्हा सगळ्यांना सवय होती. अर्ध्यातच त्याने तोंडावर हात दाबला. मी खाली बघितलं.

पांडू चाकाआडून निघाला. तेलाने कोपरापर्यंत माखलेला. तो गाडीच्या पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला. गोजाबाईने आधी त्याचं तोंड पाहिलं, मग आमची दोघांची तोंडं पाहिली, आणि सूप मांडीवरून उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं. तिला विचारावं लागलं नाही. तापानंतर दोन वर्षं ती तोंडंच वाचत होती, आणि एवढं मोठं अक्षर तर कुणालाही वाचता आलं असतं.

"झाला मग," ती म्हणाली. "आता माझी नक्कल करा."

 अख्ख्या आयुष्यात पांडूला कधी शब्द कमी पडले नव्हते, आणि आता सापडले असते तरी पोचवायचे कसे, हे त्याला माहीत नव्हतं.

हे सगळं कसं चाललं, ते नंतर एकेक करून लक्षात आलं. तिला त्या पाठाचा ताल पाठ होता. पुढचं उजवं चाक दाराशी, तिथलं थोडं ऐकू यायचं. बाकीचं ती शेंगांवर मोजायची. गाडीतलं सगळं जुनं होतं तोवर अंदाज चुकला नाही. नव्या निपलने तिला उघडं पाडलं. घरातही तसंच. पांडू बोले, ती त्याच्या भुवयांकडे बघून हूं म्हणे, भुवया वर गेल्या की हसे. आणि आपल्याइतकं ऐकून घेणारी बायको तालुक्यात कुणाला नाही, असं पांडू जगाला सांगत फिरे.

राघोने बिचाऱ्याने तोड काढली. सुतळी आणली. वहिनींच्या अंगठ्याला बांधू, मागून एक हिसका म्हणजे दाब, दोन हिसके म्हणजे सोड, ऐकायचं कामच नाही. पांडूने ती सुतळी घेतली, खाली बसला, आणि तिच्या पायाला हात लावला. गोजाबाईने पाय मागे घेतला.

"कासरा म्हशीला बांधतात," ती म्हणाली आणि गाडीतून उतरली. सूप घेऊन घरात गेली.

पेडलवर राघो बसला. दाब, दाबला, धर, धरला. पंधरा मिनिटांत हवा निघाली. पांडूने पेडल दाबून पाहिला. दगड. इतका चांगला ब्रेक त्या गाडीला डॉक्टरच्या वेळीही नसेल. चार दिवस ज्यासाठी जीव टाकला ते झालं होतं, आणि तो त्या पेडलवर पाय ठेवून उतरायचं विसरला होता. राघो दोनदा म्हणाला, झाला ना रे? 

रविवारी ते उंबरमाळीला गेले. सासऱ्याने गाडीभोवती फिरून टायर लाथेने तपासले आणि पोर पाठवली. परतीच्या उतारावर गाडी जिथे थांबवावी तिथे थांबत होती.  पौर्णिमा आईशेजारी मागे बसली होती. पांडूने आरशात पाहिलं: काही सांगायचं असलं की पोरगी आधी आईच्या खांद्याला हात लावायची, आईने तोंड वळवलं की मग बोलायची. सवयीने, जशी आपण दार ढकलताना कडी काढतो तशी.

"कवापास्नं ठाव हाय तुला?" त्याने विचारलं.

"दोन वर्सा झाली, बाबा," पौर्णिमा म्हणाली. "ठमीमावशीला पन माहीत हाय. तुमाला सांगू नको म्हनली होती आई."

मुलगा झाला. बाळंतपण सुखरूप झालं. नंतर पांडू गोजाबाईला घेऊन कल्याणच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की कानाची शीर गेली आहे. यंत्राने हिला आवाज कळेल, शब्द कळणार नाहीत. तापानंतर लगेच आणलं असतं तर काही बघता आलं असतं. हे गोजाबाईला कुणी समजावून सांगितलं नाही. तिने डॉक्टरच्या भुवया पाहिल्या होत्या.

बारशाला जेवणं झाल्यावर मागल्या पंगतीतून कुणीतरी, ज्याला काही माहीत नव्हतं असा कुणीतरी, ओरडला, पांड्या, सकुआत्या होऊ दे. पांडू म्हणाला, विसरलो. वाडीत पुन्हा कुणी म्हटलं नाही. पण ती नक्कल गेली तशी बाकीची बडबडही गेली. तो आता गाडीत बसलेल्यांना विचारल्याशिवाय बोलत नाही. संध्याकाळी नवराबायको ओट्यावर बसतात, मध्ये नातवाचं बाळुतं वाळत असतं, आणि इतकी शांतता असते की ठमीला घर बदलल्यासारखं वाटतं. मी पांडूची खूप थट्टा केली आहे. आता करावी म्हटलं तर धरायला काही जागा उरलेली नाही.

पुढल्या साली, पावसाळ्याच्या तोंडावर, ब्रेक पुन्हा काढले. मी तिथेच होतो. पेडलवर राघो, चाकाआड पांडू, गोजाबाई ओट्यावर शेंगा सोलत.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरला."

पांडूने निपल उघडला आणि सहज गाडीखालून पलीकडे पाहिलं. तिथून ओटा दिसतो, माणूस गुडघ्यापर्यंत दिसतो. गोजाबाईचा उजवा पाय जमिनीवर होता. अंगठा मातीत दाबलेला. दोन शेंगांएवढा वेळ तो तसाच धरलेला राहिला, मग सुटला. मग पुन्हा दाबला. राघोच्या पायाशी त्याचा मेळ नव्हता, पांडूच्या हाकेशी नव्हता. मातीत एक खळगा पडला होता, चांगला खोल.

निपल उघडा होता. बाटलीतले बुडबुडे कधीच थांबले होते.

"पांड्या," राघोने गाडीतून हाक मारली, "पाय भरून आला रे. सोडू का?"

पांडू खाली निजून ओट्याकडे बघत होता.

"सोडू का, पांड्या?"